सत्तेचाळीस नंबरची भेसळ

३ जुलै

ही वही नवऱ्याने दिली. भेट म्हणून नाही, तोडगा म्हणून. काल जेवताना मी भाताच्या मुळांबद्दल बोलत होते, तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "तीस वर्षं भात खाताना भाताबद्दलच ऐकतोय. आता थोडं वहीलाही सांग." शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस, दिवसभर दुसरं काम नाही, तरी ऐकायला वेळ नाही. असो. वही निदान मध्येच मीठ मागत नाही.

आज संचालकांनी बोलावलं होतं. आमच्या केंद्राच्या मागच्या बाजूला एक थंड खोली आहे. तिच्यात समुद्रकाठच्या दोनशे बारा जुन्या भातांचं बी आहे, प्रत्येकाचं वेगळं पाकीट, वेगळा नंबर. बहुतेक सगळं मी स्वतः पायपीट करून गोळा केलेलं. संचालकांचं म्हणणं, खोलीचं यंत्र म्हातारं झालंय, नवीन आणायचं तर या पाकिटांचा उपयोग काय ते दाखवा. यंदाच्या हंगामात खारट पाण्यात दाणा भरणारं एक तरी भात काढून द्या. नाही जमलं तर पाकिटं खोक्यांत भरून मुख्य कोठारात जातील आणि माझा विभाग भाजीपाला विभागात विलीन होईल.

मुख्य कोठारात म्हणजे कुठे ते मला ठाऊक आहे. तिथे बी नीट राहतं, पण ते परत कोणी पेरत नाही, आणि न पेरलेलं बी काही वर्षांनी मरतंच. आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना मी वांग्यांच्या हाताखाली जाणार नाही.

मी म्हटलं, "सर, कुठलं तरी एक कशाला, हेच घ्या ना. सत्तेचाळीस नंबर."

ते म्हणाले, "इतकी खात्री?"

खात्री नसायला काय झालं? तेवीस वर्षांपूर्वी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बांध फुटून समुद्राचं पाणी अकरा दिवस शेतांत उभं होतं. आजूबाजूचं सगळं काळं पडलं आणि मधलं एकच शेत लाल कुसळं मिरवत दाण्यासकट उभं. मालकाने दोन मुठी बी दिलं, तेच आमचं सत्तेचाळीस. पीक कमी देतं, पण मिठाला भीत नाही. आजकालचे वाण भरपूर पिकतात आणि खाऱ्या पाण्याचा वास आला तरी माना टाकतात. दोघांचं लग्न लावायचं, झालं. मुलगी घरातच आहे, शोधायला कुठे जायचंय?

११ जुलै

पेरणी झाली. दोन ठिकाणी. काचघरामागच्या सिमेंटच्या टाक्यांत निवडक चाळीस नंबर, त्यांना पुढे मिठाचं पाणी द्यायचं. आणि नेहमीच्या गोड्या पाण्याच्या वाफ्यांत बेचाळीस नंबर, त्यांचं पाकिटातलं बी जुनं झालंय म्हणून नव्याने पिकवायला. सत्तेचाळीस दोन्हीकडे आहे. दर पाच वर्षांनी प्रत्येकाची अशी पाळी येते.

वाफ्यांचं काम मावशींकडे. मावशी आमच्या शेतावरच्या सगळ्यांत जुन्या कामगार, सव्वीस वर्षं झाली. माझ्याहून वर्षाने मोठ्या, पण कमरेत माझ्यापेक्षा सरळ. त्यांना मी तयार केलंय, हे मला सांगायला आवडतं आणि त्यांना ऐकायला आवडत नाही. नियम साधा आहे. एका वाफ्यातली सगळी झाडं जुळ्या भावंडांसारखी दिसली पाहिजेत. एखादं उंच निघालं, एखाद्याचं कूस काळं निघालं, एखादं आठवडाभर आधी फुललं, तर ती भेसळ. दिसली की उपटायची. कुठून तरी उडून आलेला दाणा असतो, कुणाच्या तरी चपलेतून आलेला असतो. त्याला राहू दिलं तर पाच वर्षांत सत्तेचाळीस कुठलं आणि अठ्ठेचाळीस कुठलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

सत्तेचाळीसचीच गोष्ट घ्या. मालकाने दिलं तेव्हा काय सरमिसळ होती त्यात. लाल, काळं, बिनकुसाचं, बुटकं, काय वाट्टेल ते. पहिल्याच वेळी मी आणि मावशींनी मिळून वाफ्यातला तिसरा हिस्सा उपटून काढला होता. आता बघा, ओळीने फोटो काढून घ्यावा असा वाफा. पाहुणे खरोखरच काढतात.

कामगार पाठीमागे मला "चाळणी" म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही. मला माहीत आहे आणि मला ते नाव आवडतं.

२ ऑगस्ट

टाक्यांतल्या रोपांना आठ दिवस मिठाचं पाणी दिलं आणि आज गुण लावले. आमच्याकडे गुण उलटे असतात, एक म्हणजे ठणठणीत, नऊ म्हणजे मेलं. सत्तेचाळीसला सात.

सात कसा येईल? मीठ कोणी मोजलं ते आधी बघितलं. मीच मोजलं होतं. तरी पाणी पुन्हा तपासलं, बरोबर निघालं. मग तराजू तपासला, तोही बरोबर निघाला. शेवटी टाकीच्या कोपऱ्यात ऊन जास्त येतं असं ठरवलं.

खरी परीक्षा फुलोऱ्यात असते. लहानपणी नापास झालेली किती तरी माणसं पुढे मोठी होतात.

१९ ऑगस्ट

प्रयोगशाळेतली चष्मेवाली आज पानं तोडून घेऊन गेली. दोन वर्षांपूर्वी लागलेली हुशार पोरगी, डीएनएचं यंत्र चालवते, आणि चष्मा डोळ्यांवर कमी, डोक्यावर जास्त असतो. प्रत्येक नंबरची दहा-दहा झाडं तिला हवी होती.

मी म्हटलं, "दहा कशाला? एक तपासलं काय आणि दहा तपासली काय. माझ्या वाफ्यात सगळं एकच आहे."

"तेच बघायचंय, मॅडम," ती म्हणाली. मग विचारलं, "सत्तेचाळीसचं पहिलं पाकीट आहे का? त्या मालकाने दिलेलं मूळ बी?"

आहे, खालच्या फळीवर कागदी पुडीत. पण त्याचा काही उपयोग नाही. सुरुवातीची वर्षं थंड खोली नव्हती, ते सगळे दाणे केव्हाच मेले. दहा वर्षांपूर्वी उगवून बघितले होते, एकही उगवला नाही. अकरा दाणे आठवण म्हणून ठेवलेत.

"मेलेले चालतील," ती म्हणाली.

घेऊन जा म्हटलं. यंत्र मिळालं की लोकांना मढ्यांचीही चौकशी करावीशी वाटते. माझे डोळे तीस वर्षं फुकट चालतात.

५ सप्टेंबर

वाफ्यांत भेसळ काढायचे दिवस सुरू झाले. वर्षातले माझे आवडते दिवस. सकाळी आठला टोपी घालून बांधावर उभं राहायचं आणि मावशींनी ओळीतून चालत जायचं. मी नुसतं बोट दाखवते, त्या उपटतात.

यंदा मात्र त्या रेंगाळतात. सत्तेचाळीसच्या वाफ्यात मोजून दोन वेगळी झाडं निघाली, त्यातल्या एकापाशी उभ्याच राहिल्या.

"बाई, हे राहू दे का?"

"का?"

"चांगलं आहे."

"चांगलं असेल, पण आपलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वाकल्या आणि उपटलं. पण काय उपटतात! बाकीचे कामगार वरून ओढतात, झाड तुटतं आणि बुडखा मागे राहतो, तो पुन्हा फुटतो. मावशी बोटं खाली घालून मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट काढतात आणि ओल्या पोत्यात ठेवतात. वाफ्यात खूण राहत नाही. नव्या मुलींना मी आज त्यांच्याकडे बोट दाखवून सांगितलं, असं करायचं असतं काम.

शेवटी पोतं काखेत मारून त्या निघाल्या. म्हटलं, खताच्या खड्ड्यात टाकणार असतील. नसतील तर कोंबड्यांना नेत असतील. इतक्या वर्षांच्या माणसाला एवढं चालतं.

२१ सप्टेंबर

नाही चालत. आज फाटकावर नवीन रखवालदाराने मावशींना अडवलं. पोत्यात भाताची सोळा चुडं, म्हणजे ठोंब, मुळासकट. त्याने पोतं सगळ्यांसमोर ओतलं आणि संचालकांना फोन लावला. संचालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तुमच्या वाफ्यांतून माल बाहेर जातो. मग तुमच्या त्या शुद्ध बियांवर मी विश्वास कसा ठेवायचा?"

माझी मान खाली गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा. नियम माझाच आहे, वाफ्यातली काडीसुद्धा बाहेर जायची नाही.

बाहेर येऊन मी मावशींना विचारलं, "किती वर्षं चाललंय हे?"

त्या म्हणाल्या, "फेकायचंच होतं ना, बाई?"

"फेकायचं म्हणजे फेकायचं. न्यायचं नाही."

बाजू मांडायची सोडून रखवालदाराने सांडलेली माती पायाने एका जागी करत राहिल्या. मला आणखी राग आला. मी तिथल्या तिथे मेमो लिहिला. विनापरवाना माल बाहेर नेला, चौकशी होईपर्यंत वाफ्यांत यायचं नाही, तोवर पाकिटं भरायच्या शेडमध्ये बसावं. त्यांनी सही केली. सही करायला मीच शिकवलं होतं. कागद घडी करून ठेवला आणि म्हणाल्या, "सावलीत बसून पाकिटं भरायला मी कोणी आजारी नाही. रजा मांडा माझी." आणि गेल्या.

ती सोळा चुडं मी खड्ड्यात टाकायला लावली, माझ्यासमोर.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण ती नेऊन करते काय?"

"कोंबड्यांना घालत असेल."

"कोंबड्यांना मुळासकट आणि मातीसकट? ओल्या पोत्यातून? फार लाड आहेत कोंबड्यांचे."

मी म्हटलं, तुला शेतीतलं काय कळतं, तू चित्रं काढ.

२९ सप्टेंबर

वाफ्यांत नव्या मुली उपटतात. बुडखे मागे राहतात. मी ओरडते, त्या हसतात. मावशींची आठवण येते असं नाही, पण काम बिघडतंय.

६ ऑक्टोबर

फुलोरा होऊन गेला. मिठाच्या टाकीतलं सत्तेचाळीस आज हातात घेतलं. लोंब्या उभ्या, पांढऱ्या, हलक्या. भरलेली लोंबी वाकते, ही सरळ होती. दाणे दाबून बघितले, एकामागून एक. सगळे पोकळ. एका लोंबीत एकशे बारा कोंडे आणि चार दाणे.

बाकीच्या एकोणचाळीस नंबरांतही तेच. एक-दोघांत थोडं बरं, पण दाखवण्यासारखं काही नाही.

मी त्या दिवशी ते शेत पाहिलं होतं. लाल कुसळं आणि खाली खारं पाणी. मला वेड लागलेलं नाही.

९ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण नवरा म्हणतो चेहऱ्यावर दिसतंय, तर मग वहीत दिसायला काय हरकत आहे.

चष्मेवालीने कागद आणून टेबलावर पसरले. प्रत्येक झाडाची एक पट्टी, पट्टीवर रंगीत रेघा. सत्तेचाळीसच्या दहा पट्ट्या दहाही सारख्या.

मी म्हटलं, "सांगितलं नव्हतं? शुद्ध."

तिने दुसरा कागद ठेवला. त्यावर अकरा पट्ट्या, आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. काही दोन-दोन सारख्या, काही अगदीच निराळ्या.

"ही तुमच्या जुन्या पुडीतली, मॅडम. मेलेले अकरा दाणे. यांत निदान पाच वेगवेगळ्या जाती आहेत. आज वाफ्यात त्यातली एकच आहे."

"भेसळ होती ती. मी काढली."

"भेसळ नव्हती," ती म्हणाली. तिने चष्मा डोळ्यांवर घेतला होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. "या पाचही एकमेकींच्या जवळच्या नात्यातल्या आहेत. बाहेरून आलेल्या नाहीत, पिढ्यान्पिढ्या त्या एकाच शेतात एकत्र वाढल्यात. तुम्ही जे शेत पाहिलंत ते एक भात नव्हतंच. तो पाच जणांचा कुटुंबकबिला होता. कोणाला मीठ सोसत होतं, कोणाला दुष्काळ, कोणाला बुडून राहणं. त्या वर्षी मीठ आलं, तेव्हा ज्यांना सोसलं ते उभे राहिले. आपल्याकडे कोण उरलंय? जे सगळ्यांत जास्त संख्येने होतं आणि सगळ्यांत सुबक दिसत होतं, ते."

मी विचारलं, "आणि बाकीचे नंबर?"

तिने उरलेले कागद माझ्याकडे सरकवले. सगळीकडे दहाच्या दहा पट्ट्या सारख्या. दोनशे बारा पाकिटं मी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. दर पाच वर्षांनी पेरली आणि दर पाच वर्षांनी त्यांतलं जे वेगळं होतं ते बोट दाखवून उपटायला लावलं. सुबक वाफ्यासाठी. पाहुण्यांच्या फोटोंसाठी. हे कोणी दुसऱ्याने केलं असतं तर मी त्याला उभं जाळलं असतं.

चष्मेवाली म्हणाली, "त्या काळी सगळेच असं करत असतील, मॅडम." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. वाटलं नाही.

१२ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही. वांग्यांच्या विभागप्रमुखाने बोलावून चहा पाजला. फार गोड बोलतो.

१४ ऑक्टोबर

नवऱ्याला अखेर सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही मीठ मागितलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे उपटलेलं एक जरी जगलं असतं तर?"

"तर काम झालं असतं. पण खड्ड्यात गेलेलं कुठून जगणार?"

"सगळं खड्ड्यात गेलं?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो ताटाकडे बघत होता.

"मला शेतीतलं काही कळत नाही," तो म्हणाला, "पण कोंबडीला कोणी मुळं जपून नेत नाही."

या माणसाला हे तीन आठवड्यांपूर्वी कळलं होतं आणि मी त्याला चित्रं काढायला सांगितलं.

१५ ऑक्टोबर

सकाळी मावशींच्या घरी गेले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. खाडीच्या काठाला दोन खोल्या, दारात बादली, दोरीवर धुणं. कोंबडी एकही नाही.

मावशी दारात उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. मीच म्हटलं, "मागे काय लावलंय ते बघू का?"

"चौकशी का?"

"नाही. बघायचंय फक्त."

घरामागे चिंचोळी पट्टी आहे, दोन खाटा शेजारी शेजारी लावल्या तर जेमतेम मावतील एवढी रुंद, आणि लांबीला पार खाडीपर्यंत. उधाणाला पाणी तिच्यात शिरतं. ओहोटीनंतर मागे राहिलेलं मीठ मातीवर पांढरं दिसत होतं. आणि त्या पांढऱ्या मातीत भात उभं होतं. उंच, बुटकं, लाल कुसाचं, काळ्या टरफलाचं, काही कापणीला आलेलं, काही अजून हिरवं. माझ्या डोळ्यांना इतका गबाळा वाफा कधी दिसला नव्हता. मी एक लोंबी हातात घेतली. ती वाकलेली होती. दाबून बघितली, भरलेली. दुसरी भरलेली. तिसरी भरलेली. मी तिथेच खाली बसले, साडीची पर्वा न करता.

मावशी म्हणाल्या, "एकोणीस वर्षं झाली. उपटायला हात व्हायचा पण टाकायला जीव व्हायचा नाही. आणून लावलं. खारं पाणी आलं की मरायचं ते मरतं. उरतं त्याचं बी धरते. थोडं खातो, थोडं पेरते."

"कुठलं कुठून आणलं ते आठवतं?"

हा प्रश्न मी उगाच विचारला असं वाटलं, कारण त्या सरळ बोट दाखवायला लागल्या. त्यांना अक्षरं वाचता येत नाहीत, पण वाफ्यावरच्या पाटीचे आकडे येतात. "हे लाल, लांब कुसाचं, तुमच्या सत्तेचाळीसमधलं, तुमच्या सासूबाई गेल्या त्या वर्षीचं, तुम्ही नव्हता, तेव्हा मी एकटीने काढलं होतं. ते काळं पण त्यातलंच. हे बुटकं एकशे तीनमधलं. हे, ज्या वर्षी विहिरीचा पंप जळला." चौतीस प्रकार मोजून दाखवले. माझ्या नोंदवहीत यांतला एकही नाही.

मी म्हटलं, "मावशी, मी चुकले."

वाटलं होतं, त्या म्हणतील असू द्या बाई. तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा माल फाटकावर ओतला. रस्त्याने जाणारी शाळेतली पोरं बघत होती. चोर म्हणालात."

"चोर म्हणाले नाही मी."

"लिहिलंत."

खरं होतं. मी विचारलं, "आता काय करू?"

"लेखी दिलंत, लेखी परत घ्या. मग बी देते. आणि पेरणार मी. तुमच्या त्या पोरी बुडखे ठेवतात, मला कळलंय."

निघताना त्यांनी चहा विचारला. मी घेतला. इतका कडक चहा मी आयुष्यात प्यायले नव्हते, पण पूर्ण संपवला.

१७ ऑक्टोबर

संचालकांना पत्र दिलं. दोन परिच्छेद. पहिल्यात, मावशींना दिलेला मेमो चुकीचा होता आणि मी तो मागे घेते. दुसऱ्यात, त्या मेमोवर खरं नाव माझं हवं होतं. संग्रहातली विविधता माझ्या पद्धतीमुळे गेली, मावशींनी उपटलेलं जगवलं म्हणून त्यातली थोडी शिल्लक आहे.

संचालकांनी दोनदा वाचलं. "मॅडम, हे फाईलला लागलं तर थंड खोली आजच बंद करायला मला कारण मिळतं. तुम्हीच देताय."

"लावा फाईलला. आणि खोली हंगामाअखेरपर्यंत बंद करायची नाही, असं तुम्हीच म्हणाला होता. हंगाम संपायला सहा आठवडे आहेत."

"सहा आठवड्यांत काय होणार?"

"बघालच," मी म्हटलं. पुष्कळ दिवसांनी माझा आवाज मला माझा वाटला.

संध्याकाळी पत्राची प्रत मावशींना दिली. त्यांनी ती शेजारच्या मास्तरांकडून मोठ्याने वाचून घेतली, एकदा घरात आणि एकदा ओट्यावर. मग तांदळाच्या डब्यामागून दुसरा डबा काढला. ताजं बी लगेच उगवत नाही, पण यात मागच्या वर्षीचं होतं, चौतीस पुरचुंड्यांत. प्रत्येक पुरचुंडीला वेगळ्या रंगाचा दोरा.

१४ नोव्हेंबर

चौतीस प्रकारांची रोपं त्याच टाकीत, त्याच कोपऱ्यात लावली होती, जिथे म्हणे ऊन जास्त येतं. मीठ मी मोजलं नाही, चष्मेवालीला मोजायला लावलं, म्हणजे कोणी बोट ठेवायला नको. शेजारी माझं सुबक सत्तेचाळीस.

आज गुण लावले. सत्तेचाळीसला पुन्हा सात. लाल दोऱ्याला तीन. काळ्या दोऱ्याला तीन. एकूण अकरा जणांना तीन किंवा त्याहून चांगला. एकाला एक. एक गुण मी कारकिर्दीत दुसऱ्यांदा लावलाय.

चष्मेवालीने पट्ट्या जुळवल्या. पुडीतल्या पाच जातींपैकी एक माझ्या वाफ्यात होतीच, आणखी तीन मावशींच्या डब्यात जिवंत आहेत. पाचवी नाही मिळाली. ती मीच कुठल्या तरी वर्षी, कुठल्या तरी सकाळी, टोपी घालून बोट दाखवून घालवली.

संचालक टाकीपाशी आले, वाकून बघितलं, मोबाइलवर फोटो काढला. म्हणाले, "दाणा भरल्याशिवाय मी काही कबूल करणार नाही." पण खोलीला पुढच्या कापणीपर्यंत मुदत दिली. मला तेवढी पुरे.

२ डिसेंबर

मावशी कामावर आल्या. रखवालदाराने फाटक आपणहून पूर्ण उघडलं, एरवी तो माणसांसाठी छोटं दारच उघडतो. मावशी त्याच्याकडे न बघता मधोमध चालत आल्या.

काचघरात पेरणी केली. नोंदवहीत नवे चौतीस नंबर चढवले. "कुठून मिळालं" या रकान्यात मावशींच्या घरामागून असं लिहिलं, खाडीची बाजू. "शुद्धता" हा रकाना तीस वर्षं मी शंभर टक्के असा भरत आले. आज काय लिहावं कळेना. मावशींना विचारलं.

"काय असतं ते?"

"सगळं सारखं आहे का."

"नाही म्हणून लिहा ना. खरं ते लिहायला काय जातंय?"

तसंच लिहिलं.

२२ मार्च

दाणा भरला. खाऱ्या पाण्यात, पूर्ण हंगाम. लाल दोऱ्याच्या एका लोंबीत एकशे सहा दाणे भरलेले, एकोणीस पोकळ. संचालकांनी स्वतः दाबून बघितले, नखं दुखेपर्यंत. नव्या यंत्राची मागणी त्यांच्या सहीने गेली. वांग्यांच्या विभागप्रमुखाने अभिनंदन केलं, तेही गोडच. चष्मेवाली लाल दोऱ्याचं आणि चांगल्या पिकणाऱ्या वाणाचं लग्न लावतेय, सकाळपासून चिमटा घेऊन फुलांपाशी बसली आहे. पाचव्या जातीसाठी मी पुढच्या महिन्यात त्या मालकाच्या गावी जाणार. मालक गेले, पण त्यांच्या सुनेचं शेत आहे म्हणे. या वेळी दोन मुठी घेणार नाही, पोतं घेणार.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मी म्हटलं, कळसा नव्हता, पोतं होतं, आणि काख मावशींची होती.

एक लिहायचं राहिलं. आज सकाळी मी काचघरात एकटी होते, निदान मला तसं वाटलं. अकरा नंबरच्या वाफ्यात सगळी झाडं गुडघ्याएवढी आणि मधलं एकच कमरेएवढं, पानं रुंद, अजून फुललेलंही नाही. मी काही विचारच केला नाही. वाकले, बोटं बुडख्यापाशी गेली.

मागून आवाज आला, "बाई."

मावशी दारात पाण्याची झारी घेऊन उभ्या होत्या.

"हात काढा. नाहीतर मेमो देईन."

मी हात काढला.